कापसाच्या रांगेचा प्रोग्राम

माझी नेमणूक कॉम्प्युटर शिकवायला झाली होती आणि पहिलं सबंध वर्ष मी चपला सांभाळल्या.

हे मी रागाच्या भरात वाढवून सांगत नाही. ऐंशीच्या दशकात वर्धा जिल्ह्यात निघालेलं ते एक नवं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. आज ते त्या नावानं उरलेलं नाही. तिथे कॉम्प्युटरची एक खोली होती. एका बाजूला काचेची भिंत, वर एसी, आत तीन मशीनं आणि त्यांच्यावर विभागप्रमुखांच्या पत्नीनं शिवून दिलेली फुलाफुलांची झाकणं. धुळीनं कॉम्प्युटर मरतो, अशी विभागप्रमुखांची पक्की समजूत होती. म्हणून दाराबाहेर चपला काढायच्या, ओल्या फडक्याला पाय पुसायचे, मग आत. मुलं पाय नीट पुसतात की नाही हे बघायला दारात कोणीतरी उभं हवं. ते कोणीतरी म्हणजे मी. नागपूरहून गणितात एम.एस्सी. केलेली, फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेच्या पेपरात वर्गात पहिली आलेली.

त्या पेपरचंही सांगते. आम्ही प्रोग्राम कागदावर लिहायचो. कागद कुठेतरी जायचा, तिथे त्याची भोकं पाडलेली कार्डं व्हायची, ती दुसऱ्याच इमारतीतल्या मशीनला घातली जायची, आणि काही दिवसांनी निरोप यायचा की एक स्वल्पविराम राहिला आहे. मशीन मी पाहिलंच नव्हतं. आता ते काचेपलीकडे दिसत होतं, आणि काचेच्या अलीकडे मी ओलं फडकं पिळत होते.

खोलीची किल्ली विभागप्रमुखांच्या खिशात असायची. ते मूळचे विजेच्या विषयातले. मुंबईत कुठलासा कॉम्प्युटरचा कोर्स करून आले होते आणि त्या जोरावर प्रमुख झाले होते. वर्गात ते व्याख्या सांगायचे आणि मुलं लिहून घ्यायची. मशीनवर कोणी काही लिहिलेलं त्यांना आवडत नसे. ते स्वतःही फारसं काही लिहीत नसत, हे मला उशिरा कळलं. मी तासभर मशीन मागितलं की ते हसून म्हणायचे, "मॅडम, घाई कसली? धीर धरा. मशीन कुठे पळून जातंय?"

धीर. हा शब्द मला तेव्हापासून कानाखाली मारल्यासारखा लागतो. किल्ली ज्याच्या खिशात असते तोच हा शब्द दुसऱ्याला देत असतो.

मी सायकलनं घरी यायची. आमचं घर नालवाडीला, वर्ध्याच्या टोकाला. बाबांचं भाजीचं शेत घराला लागूनच. मेथी, पालक, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाबा पिकवायचे, माय बाजारात नेऊन विकायची. संध्याकाळी तिघं मिळून जुड्या बांधायचो, आणि जुड्या बांधताना मी विभागप्रमुखांचा उद्धार करायची. जुडी बांधायचं केळीचं सोपट, म्हणजे वाळलेली साल, मी इतक्या जोरात आवळायची की मेथी तुटायची. बाबा एवढंच म्हणायचे, "नोकरी हाये ना? मंग काऊन चिडून राह्यली?" माय माझ्या हातातली मेथी काढून घ्यायची आणि पालक द्यायची. पालकाचे देठ जाड असतात.

अशाच एका संध्याकाळी एक गृहस्थ भाजी घ्यायला बांधावर आले. आमच्या वस्तीत त्यांना सगळे नार्वेवाले म्हणत. मूळचे वर्ध्याचेच. तरुणपणी नॉर्वेत गेले, तिथे जहाजांच्या एका कंपनीत बरीच वर्षं नोकरी केली, आणि आईला अर्धांगवायू झाला तेव्हा परत आले. आई वारली तरी ते राहिले. का राहिले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जाड चष्मा, हाफ पँट, आणि बोलण्यात सदा एक खेकसणं. भाव कधी करायचे नाहीत, पण किडकं वांगं दिसलं तर मायला सुनवायचे. मला ते अजिबात आवडत नसत.

त्या दिवशी माझी बडबड त्यांच्या कानावर पडली असावी. त्यांनी विचारलं, "कोणतं मशीन आहे तुमच्याकडे? आणि भाषा कोणती?"

मला नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, पण हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. पगार किती, कायम कधी होणार, स्थळं बघतात की नाही, एवढंच विचारायचे. मी सांगितलं, पीसी आहेत आणि पास्कल आहे. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग कळलं की नॉर्वेत ते कॉम्प्युटरवरच काम करत होते. बंदरात जहाजं येतात, धक्का मोकळा नसेल तर थांबतात, माल उतरतो, निघतात; हे सगळं मशीनमध्ये आधीच घडवून पाहायचं, म्हणजे धक्के किती बांधायचे ते कळतं. त्यासाठी तिथल्याच लोकांनी सिम्युला नावाची भाषा काढली होती. ती भाषा यांना येत होती, आणि हा माणूस आमच्या बांधावर उभा राहून वांगी निवडत होता.

"तुला मशीनवर काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

मशीन मिळत नाही याच्या रागात मी इतकी बुडाले होते की मिळालं तर काय करायचं, हा विचार केलाच नव्हता. जहाजं आणि धक्के ऐकून मात्र एक गोष्ट मनात वर आली. मी म्हटलं, "कापसाच्या गाड्यांची रांग."

त्या रांगेत मी लहानपणी बसले होते. माझा मामा आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, कापूसवाला. सत्तरच्या दशकात कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालावा लागायचा, आणि मोसमात केंद्राबाहेर बैलगाड्यांची जी रांग लागायची तिचं टोक दिसायचं नाही. मी सुट्टीत मामाकडे गेले होते. हट्टानं त्याच्याबरोबर गाडीवर बसले. वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत परत येऊ. आम्ही तिथेच राहिलो. कापसावर निजलो, गाडीखाली स्वयंपाक केला. पुरुष कुठेही आडोशाला जायचे. मला जागा नव्हती. मी पाणी पिणं बंद केलं. त्यानं ताप भरला. आणि रांग पुढे का सरकत नव्हती? बाजूला एक छोटं फाटक होतं. तिथून अधूनमधून भरलेली ट्रॉली आत जायची. कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी मामाला विचारलं, ते काऊन आत जाते? मामानं माझ्या डोक्यावर रुमाल बांधला आणि म्हणाला, "पडून राहाजो पोरी. बोलू नको." मामाचा नंबर आला तेव्हा प्रत ठरवणाऱ्या साहेबानं मूठभर कापूस उचलला, न बघता खालची प्रत लिहिली आणि जेवायला निघून गेला.

हे सगळं मी नार्वेवाल्यांना सांगितलं. ते हळहळले नाहीत. म्हणाले, "ठीक. हे मशीनमध्ये घडवता येईल. उद्यापासून ये. मात्र मी सांगेपर्यंत एक ओळही लिहायची नाही."

म्हणजे इथेही धीरच. मी घरी येऊन सायकलला लाथ मारली.

तरी गेले. रोज कॉलेज सुटलं की त्यांच्या ओसरीवर बसायची. ते मला ती रांग पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. मी सांगायची: गाडी येते, थांबते, पुढे सरकते, काट्यावर वजन होतं, साहेब प्रत ठरवतो, कापूस खाली होतो, गाडी जाते. आणि ते प्रत्येक वाक्याला अडवायचे. गाडीत कापूस किती आहे हे कोणाला माहीत असतं? मी म्हणायची, मला. मी लिहितेय ना प्रोग्राम. ते खेकसायचे, "तुला कशाला माहीत पाहिजे? तू कोण? गाडीला माहीत असेल. तुला हवं असेल तर गाडीला विचार."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. गाडीला काय विचारायचं?

मी तेव्हापर्यंत प्रोग्राम म्हणजे वरून खालपर्यंतची एक आज्ञांची यादी असं समजत होते. सगळी माहिती एका मोठ्या ढिगात आणि ढिगावर मी बसलेली. हे घे, ते बदल, इकडे उडी मार. मला तसंच शिकवलं होतं आणि मला ते चांगलं यायचं. म्हणून एक दिवस मी त्यांचं ऐकणं सोडलं आणि कागदावर माझ्या पद्धतीनं रांगेचा अख्खा प्रोग्राम लिहून काढला.

मशीन मात्र हवं होतं. तोवर उन्हाळ्याची सुट्टी लागली, विभागप्रमुख गावी गेले आणि किल्ली ऑफिसात जमा झाली. मी धीर करून प्राचार्यांकडे गेले. काय बोलायचं याची तयारी केली होती. प्राचार्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता टेबलाचा खण उघडला आणि किल्ली पुढे सरकवली. एवढंच. वर्षभर मी जिच्यासाठी दारात उभी होते ती किल्ली मागितल्यावर मिळत होती, फक्त योग्य माणसाकडे मागायला हवी होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी रागानं पाय आपटत जिना उतरले.

वैशाखातलं वर्ध्याचं ऊन डोक्यावर घेऊन मी रोज सायकलनं जायची आणि त्या थंड खोलीत बसायची. चपला घालून बसायची. मशीन मेलं नाही. हिरवी अक्षरं उमटली, माझा प्रोग्राम चालला, गाड्या आल्या आणि गेल्या. मी धावत जाऊन नार्वेवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. आता तिथे दुसरा काटा बसव."

दुसरा काटा बसवायला गेले आणि सगळं कोसळलं. जिथे जिथे मी काट्याचा उल्लेख केला होता तिथे तिथे बदल करावा लागत होता. एक जागा दुरुस्त केली की तीन बिघडायच्या. वजन न होताच गाड्या निघून जायला लागल्या. एक गाडी दोनदा खाली झाली. आठवडाभर मी त्या गुंत्यात हात घालून बसले होते आणि शेवटी लक्षात आलं की मी लिहिलेलं मलाच वाचता येत नाही.

मी कागदांचा गठ्ठा त्यांच्या ओसरीवर आपटला. तुम्हाला आधीच माहीत होतं हे असं होणार, मी म्हटलं. ते म्हणाले, हो. मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.

त्यानंतर मी ऐकायला लागले. मनापासून नाही, हरले होते म्हणून. आम्ही रांगेतली एकेक वस्तू वेगळी काढली. गाडी. काटा. साहेब. प्रत्येकीला स्वतःचं असं काय माहीत आहे आणि स्वतःहून काय करता येतं, एवढंच लिहायचं. गाडीला तिचा कापूस माहीत, ती कधी आली ते माहीत. काट्याला तो मोकळा आहे की नाही ते माहीत. कोणी कोणाच्या पोटात हात घालायचा नाही. काट्याला गाडीचं वजन हवं असेल तर गाडीला विचारायचं, ती सांगेल. सिम्युलात यासाठी सोय होती. पास्कलमध्ये नव्हती. नार्वेवाले म्हणाले, "भाषेत नसेल तर आपण पाळायची. घराला कुंपण नसलं म्हणून कोणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतं का?"

गाडीवर आम्ही फार दिवस अडलो. कारण बैलगाड्यांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याही येऊ लागल्या होत्या. मी ट्रॉलीसाठी सगळं नव्यानं लिहायला घेतलं तर त्यांनी पेन काढून घेतलं. बैलगाडी आणि ट्रॉली यांच्यात सारखं काय? दोघी येतात, थांबतात, सरकतात, खाली होतात. वेगळं काय? बैल सोडलेले असतात, जुंपावे लागतात, म्हणून गाडी सरकायला वेळ लागतो. ट्रॉलीत माल जास्त. मग जे सारखं ते एकदाच लिहायचं, आणि वेगळं तेवढंच वेगळं. रांग फक्त म्हणणार, "पुढे सरक." बैलगाडी तिच्या पद्धतीनं सरकेल, ट्रॉली तिच्या. रांगेला ते कळायची गरज नाही.

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं आणि मला ते घरी जाताना सायकलवर कळलं. मी उतरले आणि सायकल हातात धरून चालत राहिले. शिकलेली गोष्ट कळणं म्हणजे काय, ते मला एम.एस्सी. होईपर्यंत कोणी दाखवलं नव्हतं. मला फार आनंद झाला आणि त्याच क्षणी माझ्या सगळ्या मास्तरांचा, व्याख्या लिहून देणाऱ्या त्या सगळ्या माणसांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं त्यांनी मला उपाशी ठेवलं होतं.

पुढचं काम सावकाश झालं. सुट्टी संपली, विभागप्रमुख परतले, किल्ली त्यांच्या खिशात गेली. पण आता मी सरळ प्राचार्यांकडे जायची. विभागप्रमुखांना ते फार झोंबलं. त्यांनी माझ्या वाट्याला सगळे पहिले तास लावले. मी तास घेतले आणि मशीनही घेतलं. दिवाळीपर्यंत रांग नीट चालायला लागली. पडद्यावर प्रत्येक गाडीसाठी एक फुली. फुल्यांची ओळ लांबायची, आखूड व्हायची. दुसरा काटा बसवायला आता एक ओळ पुरायची. मी मुद्दाम बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची.

मग मी बाजूचं फाटक घातलं. थोड्याच गाड्या, पण मधेच आत शिरणाऱ्या. नुसतं बघायला. त्या थोड्या गाड्यांनी शेवटच्या गाडीचं थांबणं इतकं वाढलं की मला वाटलं, प्रोग्राम चुकला. तपासून पाहिलं. चुकला नव्हता.

हिवाळ्यात कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रदर्शन असायचं. संस्थेच्या अध्यक्षांना 'शेतकऱ्यांसाठी कॉम्प्युटर' असा फलक फार आवडला आणि माझा प्रोग्राम ठेवायचं ठरलं. गावोगावी निरोप गेले. विभागप्रमुखांनी आदल्या दिवशी तो पहिल्यांदा पाहिला. दुसरा काटा पाहून त्यांनी मान डोलावली. फाटक पाहून त्यांचा चेहरा बदलला. अध्यक्षांचा स्वतःचा कापूस कोणत्या फाटकातून जातो हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं, विभागप्रमुखांनाही.

"मॅडम, हे काढा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरला राजकारण कशाला शिकवता?"

मी काढलं. एकच ओळ तर होती. मला वाटलं, दुसरा काटा तरी दिसेल, कोणीतरी तो बसवेल.

प्रदर्शनाच्या दिवशी झाकणं काढली होती आणि मशीनं मांडवात आणली होती. धुळीचं त्या दिवशी कोणालाच काही वाटलं नाही. पागोटी, टोप्या, नऊवारी. माणसं दाटीनं उभी होती. मी समजावून सांगत होते, ही फुली म्हणजे गाडी. मामा रोहण्याहून आला होता. थकला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू. तो पडद्याजवळ वाकून बराच वेळ फुल्या बघत राहिला. मग सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाला, "हे खोटं हाये. बाजूचं फाटक कुठी हाये याच्यात?"

मी विभागप्रमुखांकडे पाहिलं. ते अध्यक्षांशेजारी उभे होते, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. मला तापात पडलेली ती मुलगी आठवली, आणि बोलू नको म्हणणारा हाच माणूस आज बोलला होता. मी म्हटलं, "थांब मामा, घालते." आणि ती ओळ परत लिहिली.

रांग सुरू झाली. फुल्या लांबल्या. पडद्याच्या कडेपर्यंत गेल्या, खालच्या ओळीवर उतरल्या, त्याही खाली. शेवटची गाडी किती थांबली तो आकडा खाली आला आणि मागून एकजण हसला. कडू हसला. मग सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. एकानं विचारलं, साहेब सकाळी वेळेवर आला तर? मी साहेबाची वेळ बदलली. दुसऱ्यानं विचारलं, दोन साहेब ठेवले तर? तेही घातलं. माझी बोटं थांबत नव्हती, आणि काहीही कोसळत नव्हतं. इतक्या महिन्यांचं ते चिवट, डोकं फिरवणारं शिकणं आता माझ्या हाताखाली होतं. जिथे बदलायचं तिथेच बदलत होतं, बाकी सगळं जागच्या जागी.

मामाकडे वळून मी म्हटलं, "पाह्यलं?"

"हे तर आमाले माईतच होतं," मामा म्हणाला.

मला त्याचाही राग आला. माहीत होतं तर इतकी वर्षं बोलला का नाहीस, असं मी त्याला विचारलं, जरा मोठ्यानंच.

"सांगतलं ना पोरी. लय जागी सांगतलं. आता मशीननं सांगतलं म्हून तू आयकून राह्यली."

तेवढ्यात पडदा काळा झाला. विभागप्रमुखांनी मांडवाची वीज बंद केली होती. त्यांनी जाहीर केलं की तांत्रिक बिघाड झाला आहे, चहाला चला. कोणी हललं नाही. विजेच्या खांबाशी उभा असलेला आमच्याच नालवाडीचा एक भाजीवाला म्हणाला, "बिघाड नाई झाला साहेब. तुमी बटन दाबलं. मी पाह्यलं." अध्यक्ष जाऊन मोटारीत बसले.

पुढे व्हायचं तेच झालं. माझी नेमणूक वर्षावर्षाची होती. उन्हाळ्यात ती पुढे चालू झाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही. प्राचार्यांना विचारलं तर ते म्हणाले, वरून आलं आहे. मी विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांना मी बरंच काही बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं थोडंच आहे. एवढं नक्की सांगितलं की तुम्हाला तो प्रोग्राम समजलाच नव्हता. समजला असता तर ती ओळ नुसती काढायला सांगितली नसती, एकच ओळ काढून बाकी सगळं तसंच कसं चालतं ते विचारलं असतं.

तिथून मी थेट नार्वेवाल्यांच्या ओसरीवर गेले. वाटलं, ते तरी दोन शब्द बरे बोलतील. ते मांडवात आले होते, मागे उभे राहून सगळं पाहिलं होतं. मी नोकरी गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "ते फाटक तू वाईट लिहिलं होतंस. फाटकानं गाडीच्या आत डोकावून बघितलं, ती कोणाची आहे ते. ते फाटकाचं काम नाही."

मी उठले. माझी नोकरी गेली आहे आणि तुम्ही माझ्या फाटकाच्या चुका काढताय, असं काहीसं ओरडले. त्यांच्या घरी पुन्हा गेले नाही. ते भाजीला आले की मी आत निघून जायची. माय म्हणायची, "म्हाताऱ्यासंगं काऊन भांडते?" मी सांगायची, तुले नाई समजणार. मायनं त्यावर एकदा पालकाची जुडी माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "मले समजाऊन सांग. समजते का नाई ते मी पाह्यतो."

मग मी मायला समजावलं. गाडी, काटा, फाटक. तिला सांगतानाच माझ्या लक्षात आलं की फाटकाजवळ येऊन माझं बोलणं अडखळतंय. जिथे समजावताना अडखळतो तिथे लिहिण्यात खोट असते. म्हातारा बरोबर होता. फाटकानं नुसतं विचारायचं होतं, "चिठ्ठी आहे का?" चिठ्ठी कोणाकडे असते, कोण देतो, हा दुसऱ्याच कोणाचा तरी कारभार होता, आणि तो मी लिहिलाच नव्हता. चिठ्ठी देणारा माणूस माझ्या प्रोग्राममध्ये नव्हताच. मी फाटकाला दोष देऊन मोकळी झाले होते. हे मी कागदावर नव्यानं लिहिलं, चालवायला मशीन नसताना. त्या वेळी मला म्हाताऱ्याचा राग जास्त आला, तो बरोबर होता म्हणून.

नागपुरात एका लहान कंपनीत मुलाखतीला गेले. त्यांनी विचारलं, काय येतं? मी कापसाची रांग सांगितली. समोरचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. म्हणाले, आमच्याकडे पगारपत्रकं करायची असतात. मी म्हटलं, करते. नोकरी मिळाली. दशक संपता संपता तिथे एक फ्लॉपी आली, नव्या पास्कलची, आणि तिच्यात 'ऑब्जेक्ट' हा शब्द भाषेतच होता. जे आम्ही शिस्तीनं पाळत होतो त्याची भाषेनं सोय केली होती. मालकानं सगळ्यांना सांगितलं, आठवड्याभरात शिका. कंपनीतली मुलं जुनेच लांबलचक प्रोग्राम त्या नव्या शब्दात गुंडाळायला लागली. मी मालकाला म्हटलं, असं नाही होणार, मला यांचे सहा महिने द्या. त्यानं तीन दिले. मी त्यांना पहिला महिना मशीनला हात लावू दिला नाही. ती मुलं माझ्यामागे मला काय म्हणत असतील याची मला पूर्ण कल्पना आहे.

एका रविवारी त्या फ्लॉपीबरोबर आलेली माहितीपुस्तिका घेऊन मी नालवाडीला आले आणि नार्वेवाल्यांच्या ओसरीवर ठेवली. आमचं बोलणं बंद होतं त्याला बरेच दिवस झाले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. पानं उलटताना घशातून आवाज काढत होते. मग म्हणाले, हे अर्धवट आहे, खरी गोष्ट यांनी सोडूनच दिली आहे. आमच्याकडे प्रत्येक जहाज आपापल्या वेळेनं चालायचं, थांबायचं, पुन्हा तिथूनच चालायला लागायचं, ते यांच्यात कुठे आहे? मी म्हटलं, ते नसलं तरी चालतं, मी नागपुरात चालवतेय. ते म्हणाले, चालतं म्हणजे बरोबर असतं का? मी म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याचं काही बरोबर दिसतं का कधी? आवाज चढले. शेजारच्या बाईनं दारातून डोकावून पाहिलं. त्यांनी माझ्या पुस्तिकेच्या समासात पेन्सिलनं काहीतरी काढायला सुरुवात केली, मी पेन्सिल हिसकावली, दुसऱ्या बाजूला माझं काढलं. माझी नागपूरची एसटी निघून गेली तरी आमचं काही ठरलं नव्हतं. शेतातून परतणाऱ्या बाबांनी रस्त्यावरूनच हाक मारून विचारलं, जेवायला किती जण आहेत.